बटणावरचा अंगठा

हॅलो?... हॅलो, पुनी?... व्हय गं, मीच, आई... घरातनंच बोलतीय. बाबांच्या खाटंवर बसलीय, पाय वर घेऊन... न्हाई, धाप कशाला लागंल? रेंज घावायला फोनाच्या धोंड्यावर कुठं चढलीय मी?

जेवलीस?... अजून न्हाई? ड्यूटी आत्ता सुटली? मग जा की, आधी दोन घास खाऊन घे, आन... बरं बरं, ऱ्हाऊ दे. बोल. कुवेतात थंडी पडली का गं?... हितं पडली. भात कापून झालंय, आता भर दुपारी सुद्धा उन्हात बसावं वाटतंय. अणशीकडनं वारा येतोय, त्यो अंगणात येऊन पेंगतोय. मीबी पेंगतीय.

बाबा? हे काय, माझ्या मांडीला टेकून पडलेत. खिडकीतनं ऊन आलंय, त्यातली धूळ बघतायत. थांब, कानाला लावते... हां, बोल.

...

ऐकलंस?... टक टक. आलं ना ऐकू?... व्हय, नखानंच, फोनाच्या पाठीवर. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढू देते मी... हसतीयस काय? लकवा होऊन वरीस झालं, तोंडातनं शब्द न्हाई, पण जंगलातला वॉचर काय अंगातनं जाईना. सकाळी म्हस हंबरली तर तिलाबी टक टक... माहीत हाय गं मला, मला काय शिकवतीस? गवा समोर उभा असला की वायरलेसवर बोलायचं न्हाई, नुसतं बटण दोनदा दाबायचं. म्हंजे, ऐकलं, बरा हाय. लहानपणी तूच त्यांच्या मागं सेट घेऊन पळायचीस, आन जेवायला हाक मारली की ताटावर टक टक. मार खाल्लायस त्यावरनं माझा.

पुनी... ऐक ना. आज जरा येगळं बोलायचंय... न्हाई गं! सगळी बरी हायत. बाबा बरे, म्हस बरी, मी बरी. लगेच रडायला लागू नको... ऐक तर.

भायेर सायब बसलेत... आपल्या अंगणात, फणसाखाली... पोलीस कशाला येतील? आन फारेस्टचे असते तर मी नावानं वळखलं असतं की. हे येगळे. हवेतल्या वायरलेसचे. दिल्लीला मोठं ऑफिस हाय म्हणे, त्यांचा माणूस... व्हय, दिल्लीचं ऑफिस आपल्या फणसाखाली बसून कोकमाचं सरबत पितंय. हस, हस.

तुझा डबा काढायला आलेत.

...

हॅलो?... हायस ना?... मला वाटलं लाईनच गेली... व्हय. त्योच. तू धाडलेला, घरात नेटवर्क ओढणारा बूस्टर. पावसाच्या तोंडावर गणेशगुडीच्या लॉजवाल्याकडनं माणूस बोलावून आपण बसवला त्यो.

हळू बोल, कान फुटंल... लपवू? कुठं लपवू?... भाताच्या कणगीत? अगं, ह्या सायबापुढं कणगी काय करणार! त्याच्या हातात एक काठी हाय, माशाच्या काट्यासारख्या तारा आडव्या लावलेल्या. सकाळी डांबरी रस्त्याला गाडी लावली, आन ती काठी हिकडं फिरव, तिकडं फिरव करत चालत आला. म्हादू गावकाराच्या घरावरनं, देवळावरनं, ओढा वलांडून, सरळ आपल्या दारात. मी शेणाचा हात घेऊन उभी. काठीचं तोंड माझ्या छातीकडं. म्हणलं, सायबा, माझ्यात काय घावलं तुला?

... भला हाय गं. तरणा हाय, तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा असंल. कन्नडातनं बोलतोय, मला आईसारखं अव्वा म्हणतोय. हळूच, आयतु, आयतु, बरं बरं म्हणत. पण मीबी सोडला न्हाई त्याला. म्हणलं, माझं घर, माझ्या लेकीनं पाठवलेला डबा, माझा करंट. तुमचं काय त्यात? आता हवाबी तुमचीच का? आम्ही श्वास घेतो त्यो तरी इचारून घ्यायचा का न्हाई?... बोलले की! मी घाबरतीय व्हय?

त्यो म्हणला, हवा तुमचीच अव्वा, पण हवेतल्या वाटा सगळ्यांच्या हायत.

वाटा, व्हय. म्हणला, डोळ्याला दिसत न्हाईत, पण हवेत वाटाच वाटा हायत. धारवाडच्या रेडिओची एक. टीव्हीवाल्यांच्या येगळ्या. उडत्या इमानांची येगळी, तिच्यात दुसऱ्या कुणी पाय घालायचा न्हाई. तुमच्या नवऱ्याच्या खात्याच्या वायरलेसची बी एक, आन फोनाच्या कंपन्यांना ज्याची त्याची आखून दिलेली. कुणी कुठनं जायचं, किती आवाजानं जायचं, ते दिल्लीला ठरतं. आन कुणी दुसऱ्याच्या वाटंवर आडवं बसलं, तर हे काठी घेऊन हुडकत येतात... व्हय, हेच काम. मी म्हणलं, लगीन झालंय का तुझं? म्हणला, न्हाई. म्हणलं, कसं हुईल, तू हा असा हवेत बघत हिंडतोस.

पण पुनी, तुला काय सांगू... त्यानं कानाला लावायचं माझ्या कानाला लावलं. मोठं, कान झाकणारं. आन... काय न्हाई गं, नुसतं शूऽऽ. काळी नदी लांबनं ऐकू येती ना, सुपा धरणाचं पाणी सोडल्यावर, तसं. मी डोळे मिटले. म्हणलं, ह्यात माझ्या लेकीचा आवाज असंल? त्यो म्हणला, असंल अव्वा, सगळ्यांच्या लेकींचा असंल. मला उठावंच वाटंना तिथनं. पेज उतू गेली चुलीवर.

... तेच सांगतीय, तू मधी तोडू नको. कंपन्यांनी टावरवर बसवलं तर चालतंय, आपण आपलं घेऊन कौलावर बसवायचं न्हाई. कायदाच हाय म्हणे... दुकानात मिळतंय, खरं हाय. मीबी तेच म्हणलं. इकतात मग कशाला? म्हणला, तेबी हुडकतोय.

तुझी चूक न्हाई गं... अगं, कुणाला माहीत हुतं? तुला माहीत हुतं? मला माहीत हुतं? बाबांना धोंड्यावर चढता येत न्हाई, म्हणून तू पाठवलास. लेक म्हणून पाठवलास.

पण खालच्या वाड्याचं ऐकलंस का?... शांतीच्या वाड्याचं, ओढ्याखालच्या त्या सगळ्या घरांचं. त्यांचं नेटवर्क गेलंय न्हाई का पावसापासनं? पार गेलंय, धोंड्यावर सुद्धा येईना. ते आपल्यामुळं.

... व्हय. आपल्या डब्यामुळं. त्यो म्हणला, हा तुमचा डबा टावरच्या कानाशी बसून ओरडतोय. रातंदिस. तुम्ही बोला न्हाईतर झोपा, ह्यो ओरडतोच. टावरला मग खालच्या वाड्यातली बारकी हाक ऐकूच जाईना... मलाबी खरं वाटलं न्हाई. तर त्यानं पडद्यावर दाखवलं. हिरवे हिरवे डोंगर, आपल्या जोयड्याचेच वाटावेत असे, आन मधीच एक शेंडा गेलाय आभाळाला. म्हणला, अव्वा, हे तुमचं घर.

आन पुनी... गाऱ्हाणं!... अगं, सांगितलं न्हाई का तुला? दिवाळी झाल्यावर देवाला गाऱ्हाणं घातलं की सगळ्यांनी. खालचा वाडा, वरचा वाडा, सगळी जमली. म्हादू गावकारानं नारळ हातात घेतला आन म्हणला, बा देवा, लेकरांच्या फोनाची वाट जे कुणी अडवून बसलंय, मग ते माणूस असो, भूत असो, देवचार असो, त्याला तिथनं उठीव रे म्हाराजा! आन सगळ्यांत मोठ्यानं व्हय म्हाराजा कोण म्हणलं असंल?... मी! तुझी आई! घसा बसला हुता माझा. शांती मागं वळून बघायला लागली. म्हणलं, माझ्या घरात चालतंय, मग दुसऱ्यांसाठी नको का वरडायला?

... हस बाई. मीबी हसले मगाशी. सायबाला सांगितलं, तर त्याला ठसकाच लागला. म्हणला, अव्वा, म्हंजे मला देवानं धाडलं म्हणायचं. म्हणलं, व्हय रे बाबा, माझ्याच गाऱ्हाण्यावर.

... न्हाई, रागावलं न्हाई कुणी... न्हाई गं, खरंच. पण मला एक कळलं आज. शांतीनंच सांगितलं. तिच्या सुनंला कळा आल्या त्या दिवशी... न्हाई, रातची न्हाई, भर दुपारी. फोन करत हुती गाडीसाठी, लागंना. शांतीचा पोरगा चंद्रा धोंड्यावर चढला, तिथंबी लागंना. मग चादरीची झोळी करून रस्त्यापोतर उचलून नेली तिला. रस्त्याला एक जीप घावली, आन त्या जीपमधी बाळ झालं... बरं हाय, दोघं बरी हायत. पोरगी झालीय. पण त्या वेळी मी काय करत हुते ठाव हाय? हितं, ह्याच खाटंवर, तुझ्याशी बोलत हुते. तू कुवेतातला पाव कसा फुगतो ते सांगत हुतीस, आन मी हसत हुते.



... शांती? ती काय म्हणली म्हाईत हाय? म्हणली, केशरे, ठेव गं त्यो डबा, तुझ्या घरधन्यासाठी ठेव, आम्ही काय, तुझ्या अंगणात येऊन बोलू. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

पुनी, मगाशी सायब खालच्या वाड्यावर गेलते ना बघायला, तवर माझा डोळा लागला. असंच, बसल्या बसल्या. सपान पडलं गं. आपल्या घरातनं माणसं चाललीत. भिंतीतनं येतात, भिंतीतनं जातात. कुणी धारवाडला, कुणी कारवारला, कुणी इमानाकडं. सगळी हळूहळू, बाजारातनं घरला चालल्यासारखी, जो त्यो आपल्या वाटंनं. कुणी कुणाला खेटंना. लई बरं वाटत हुतं. आन दारात शांती उभी. ती तोंड हलवतीय, हलवतीय, पण आवाजच येईना. कसा येणार? मीच उंबऱ्यात बसून वरडत हुते... पुनी गं, पुनी गं... आन थांबतच न्हाई. मला थांबताच येईना.

... न्हाई गं, रडत न्हाई. नाक वाहतंय थंडीनं.

काय?... फक्त आपण बोलताना चालू करायचा? तेवढाच येळ?... मीबी इचारलं. न्हाई चालत म्हणला. आन चाललं असतं तरी पुनी, शांतीच्या सुनंला कळा काय आपली येळ बघून येतात का?... मग.

... तारेचा फोन? अगं, ती तार कवाच गेली, गव्यांनी खांब पाडले, वेल चढलीय त्याच्यावर. सायब म्हणला, कंपनीला कळवतो, टावरचं तोंड जरा हिकडं वळवायला सांगतो. कळवंल त्यो, भला हाय. ते कवा वळंल ते देवालाच ठाव. त्यासाठी परत गाऱ्हाणं घालावं लागंल, आन ह्या खेपंला मी हळू म्हणणार.

मी धोंड्यावर जाईन की रोज. गुडघे हायत अजून... तू ते आवाजाचं पाठव, मोबाईलमधी राहतं ते. मी वर जाऊन घेईन, घरला येऊन त्यांना ऐकवीन. ऐकतील ते. पण...

पण ते टक टक करतील, ते त्याच घटकेला तुला कसं पोचणार गं? तेच एक... तेच मला सकाळपासनं... तू तिकडं एकटी. रोज इचारतीस, बाबा बरे हायत का. आन मी सांगितलेलं तुला खरं वाटत न्हाई, त्यांचं वाजलं की मगच जेवायला जातीस. मला ठाव न्हाई व्हय? मला वाईट वाटतंय पुनी. लई वाईट वाटतंय. तू पुढच्या गणपतीच्या चवथीला येणार, तवर...

... काय?... न्हाई, सायबानं जबरदस्ती केली न्हाई. त्यो आत सुद्धा आला न्हाई. म्हणला, लेकीशी पोटभर बोलून घ्या, मग बंद करा, मी बसतो. शांती खाली गेलीय बघायला. तिच्या फोनात टावर आला की ती खालनंच कूऽऽ करून कुकारा घालणार हाय, हितं सायबाला कळावं म्हणून. दिल्लीच्या ऑफिसाला कुकारा!

... बाबांना इचारू? अगं, त्यांनीच तर ठरवलं. ऐक. सायब मला सांगत हुता, वाटा काय, टावरचा कान काय. मी आपली भांडत हुते. ह्यांनी खाटंवरनं टक टक केलं. मी वळले. तर त्यांनी डावा हात वर केला. मूठ अशी, सेट धरल्यासारखी. आन अंगठा दाबला. दाबूनच धरला. दाबूनच धरला. मग माझ्याकडं बघत... सोडला.

... आठवलं? मलाबी आठवलं. त्यो वॉचर, सेट कुशीखाली घेऊन झोपलेला! बटण दाबलं गेलं आन सगळ्या जंगलातले सेट मुके. कुणाला कुणाचं ऐकू येईना, नुसतं ह्याचं घोरणं. बाबा चार मैल चालत गेलते त्याला उठवायला. तुला किती खेपा सांगितलीय ती गोष्ट. आन शेवटाला नेहमी काय म्हणायचे?... व्हय. आपलं सांगून झालं की अंगठा सोडायचा, दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं असतंय.

पावसापासनं आपण बटणावर झोपलोय बघ पुनी. तू तिकडं, मी हिकडं. झोप लागली हुती आपल्याला, ग्वाड झोप.

... ए बाई. ए. अशी रडू नको. तुझ्या मैतरणी काय म्हणतील?... म्हणू देत? बरं, रड मग. मी बसलीय. मला काय काम हाय?

...

झालं?... त्वांड धू आता. आन जेव. हितं ऊन बघ कसं पिवळं झालंय. कौलावर मोठ्या चोचीचा धनेश येऊन बसलाय, त्या अँटेनावरच. त्याला काय ठाव, आज उठवणार हायत त्याला.

बोल आता बाबांशी. काय बोलायचं ते बोल, मी ऐकत न्हाई. कानाला लावते त्यांच्या... मोठ्यानं नको, सावकाश बोल. हां.

...

...

ऐकतायत. डोळे मिटलेत. हसल्यागत करतायत... बोल, बोल, तू थांबू नको...

...

झालं?... थांब, वाजवतील. जरा येळ लागतो त्यांना... अवो, वाजवा की. लेक वाट बघतीय.

टक... हां. ऐकलंस? एक झालं... थांब, दुसरं ऱ्हायलंय. हात उचललाय त्यांनी... अगं, फोनाकडं न्हाई, वर. वर कुठं न्हेतायत?... खटक्याकडं. डब्याच्या खटक्याकडं, उशाशी हाय ना त्यो... अवो, थांबा! मी करते की बंद, तुम्ही कशाला... पुनी, अंगठा ठेवलाय त्यांनी खटक्यावर. माझ्याकडं बघतायत. पुनी, ऐकतीयस ना? कान दे, पोरी, दुसरं आत्ता वाज...

हॅलो?

हॅलो?... पुनी?

...

गेलं ओ... डब्यावरचा दिवाबी गेला.

... पोचलं असंल का हो तिला? खटका वाजला ते?... व्हय. तुम्ही टक टक म्हणताय तर पोचलं असंल.

... हे काय?... ऐका. खालनं. कूऽऽ. शांतीच हाय. सायबऽ, ऐकलं का? खालच्या वाड्याला टावर आला!

ऱ्हावा, मीबी उलटा कुकारा देऊन येते. न्हाईतर ती वरडतच बसंल.